उन्हाळ्याची सुट्टी कोणाची? मसूरच्या स्टेशनापासून नागसेनवनापर्यंत

मे महिना उजाडला की एक ठराविक प्रकारचं लिखाण दरवर्षी फिरू लागतं. 'आमच्या वेळची कॉलेजची सुट्टी'. होस्टेलच्या गच्चीवर गाद्या टाकून झोपणं, रात्री उशिरापर्यंत गाण्याच्या भेंड्या, जिमखान्यावर टेनिस, नाट्यमंडळाच्या तालमी, मग आठ-पंधरा दिवस कोकणात मामाकडे आंबे. लिहिणारे बहुतेक एकाच वर्तुळातले असतात. वाचायला छान वाटतं, खोटं बोलायचं कारण नाही. पण ते वाचताना आम्हाला दरवेळी वाटतं की या चित्रात पाणी कोण भरतंय, गाद्या कोण उचलतंय, जिमखान्याचं मैदान कोण झाडतंय हे कुणीच लिहीत नाही.

हा लेख मात्र त्यांच्यासाठी नाही, आपल्या मुलांसाठी आहे. मागच्या महिन्यात एका अभ्यासवर्गात विशीतला एक कार्यकर्ता तावातावाने म्हणाला, "मौजमजा, सुट्टी, नाटक-बिटक हे सगळं त्यांचं. आपण चळवळीची माणसं. आपल्याला सुट्टी नसते." टाळ्या पडल्या. आम्ही मात्र अस्वस्थ झालो. कारण त्या पोराला वाटत होतं की तो बाबासाहेबांचा विचार सांगतोय, आणि प्रत्यक्षात तो मनूचा विचार सांगत होता. शूद्राला विसावा नाही, त्याने राबत राहावं, ही कुणाची शिकवण आहे? चळवळीच्या नावाखाली तीच आपण आपल्या तोंडाने म्हणायची का?

म्हणून मुळापासून सुरुवात करू. आपल्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध उन्हाळी सुट्टी कोणती? ती बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. साल १९०१ च्या सुमारास. वय नऊ-दहा. कुटुंब साताऱ्याला. वडील रामजी सुभेदार गोरेगावला रोखपाल म्हणून नोकरीला. तिथे सरकारने दुष्काळात होरपळलेल्या लोकांना काम देण्यासाठी तलाव खोदायला घेतला होता. वडिलांनी निरोप धाडला की उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांनी इकडे यावं. घरात केवढा आनंद! नवे सदरे, नवे जोडे, डोक्यावर जरीच्या टोप्या, रेशमी काठाची धोतरं. आगगाडी तोपर्यंत कुणी पाहिलेलीही नव्हती. बाबासाहेब, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुलं अशी ही चिमुकली पलटण मसूर स्टेशनवर उतरली. पुढचं आपल्याला पाठ आहे. वडिलांना पत्र पोचलं नव्हतं. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं, गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार, असं ठरलं. डबा भरलेला होता, पण पाणी नव्हतं. ओढ्याचं जे पाणी मिळालं ते शेणामुताने घाण झालेलं. रात्री टोलनाक्यावर बाबासाहेबांनी आपण मुसलमान असल्याचं सांगून उर्दूत पाणी मागून पाहिलं. तेही मिळालं नाही. सगळे उपाशी झोपले.

हा प्रसंग आपण नेहमी पाण्याचा प्रसंग म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. ही मुलं मजुरीला निघाली नव्हती, शिकायलाही निघाली नव्हती. ती सुट्टीवर निघाली होती. नटूनथटून, हसतखेळत. जातिव्यवस्थेने त्या दिवशी पाण्याआधी त्यांची सुट्टी हिरावून घेतली. आणि ज्या ठिकाणी ती चालली होती तिथे तलाव खोदला जात होता! खोदणाऱ्यांत कुणाचे हात असतील हे वेगळं सांगायला नको.

मोठेपणी बाबासाहेबांना फुरसत मिळाली ती कुठे? मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली, तिच्यात सगळं कुटुंब. अभ्यासाला शांतता हवी म्हणून रामजीबाबा पोराला पहाटे दोन वाजता उठवत. संध्याकाळी हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. बाकीची पोरं बागेत खेळायला येत, हा पुस्तक घेऊन येई. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली. पुढे मॅट्रिकच्या सत्काराच्या वेळी केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. म्हणजे १९५६ च्या धम्मदीक्षेचा एक धागा एका सार्वजनिक बागेतल्या बाकापर्यंत जातो. खोलीत जागा नव्हती, पण बाग सर्वांची होती. ज्या समाजाला चाळीत एक खोलीच मिळते, त्याच्यासाठी बाग, वाचनालय, मैदान ही चैनीची गोष्ट नसते. तेच त्याचं दिवाणखाना, तेच अभ्यासिका.

कॉलेजात मात्र ही सार्वजनिक जागा सार्वजनिक नव्हती. एल्फिन्स्टनमध्ये शिकताना तिथल्या हॉटेलवाल्याने बाबासाहेबांना चहा दिला नाही, पाणीही दिलं नाही, असं धनंजय कीरांनी नोंदवलं आहे. पुढे तेच बाबासाहेब सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. परदेशी पदव्या घेऊन आलेले. तर प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातलं पाणी त्यांनी पिण्याला तिथल्या सहकाऱ्यांची हरकत! वर्गात बसायला मिळालं म्हणजे कॉलेज मिळालं असं होत नाही. कॉलेज म्हणजे कॅन्टीन, कट्टा, माठ, मैदान, स्टाफरूम. माणूस माणसाला भेटतो तो तासाच्या बाहेर. जात पाळली जाते तीही तासाच्या बाहेरच.

मैदानाचंही तेच. पुण्याच्या पी. बाळू यांचं उदाहरण घ्या. पळवणकर बाळू, चांभार समाजातला डावखुरा गोलंदाज. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपये पगारावर खेळपट्टी सांभाळायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. तिथून ते हिंदू संघाचे सगळ्यांत मोठे गोलंदाज झाले. पण सुरुवातीच्या दिवसांत मैदानावर चेंडूला शिवणं चालत होतं, मात्र चहाच्या वेळी ते पॅव्हेलियनबाहेर, आणि चहा मातीच्या वेगळ्या कपात. त्यांच्या विकेट चालत होत्या, त्यांचा विसावा चालत नव्हता. (१९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. तो इतिहास वेगळा, त्याबद्दल बाळूंवर राग धरण्याचं आम्हाला कारण दिसत नाही.)

कोलंबियात गोष्ट बदलली. जुलै १९१३ मध्ये, म्हणजे भर उन्हाळ्यात, बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. आधी हार्टले हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर एकाच ठिकाणी राहणं. आयुष्यात पहिल्यांदा जेवणाचं टेबल सगळ्यांबरोबर, राहणंही सगळ्यांबरोबर. आयुष्यातले सर्वांत चांगले मित्र आपल्याला कोलंबियात मिळाले, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. लक्षात घ्या, मित्र म्हणाले, नुसते गुरू नाही. मैत्री ग्रंथालयात जुळते तशी जेवणाच्या टेबलावर आणि फिरायला जाताना जुळते. वसतिगृह म्हणजे काय असतं, ते माणसाला कसं बदलतं, हे त्यांनी तिथे स्वतः अनुभवलं.

आता १९४५ सालाकडे येऊ, कारण आमच्या सगळ्या म्हणण्याचा कणा या एका वर्षात आहे. या वर्षी तीन गोष्टी घडल्या. तिन्ही आपल्याला सुट्या सुट्या माहीत असतात, एकत्र कुणी मांडत नाही.

पहिली, 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातल्या गांधीवादावरच्या प्रकरणात बाबासाहेबांनी यंत्रांची बाजू घेतली आहे, आणि त्यांचा युक्तिवाद उत्पादनाचा नाही, फुरसतीचा आहे. थोडक्यात असा : पशू आणि माणूस यांत फरक संस्कृतीचा. संस्कृती घडायला फुरसत लागते. पोटासाठी दिवसभर राबणाऱ्याला फुरसत मिळत नाही. म्हणून कष्ट कमी करणारं यंत्र हवं. चरखा आणि खेड्याकडे परत जा म्हणणारा गांधीवाद मूठभरांना फुरसत आणि बाकीच्यांना राबणूक देतो, तो लोकशाही समाजाला चालणारा नाही. हे वाक्यावाक्याने पुन्हा वाचा, आणि मग अभ्यासवर्गात उठून सांगा की आपल्याला सुट्टी नसते.

दुसरी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना त्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा मिळाली. पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. मसूरच्या स्टेशनवर ज्या पोराची सुट्टी हिरावली गेली, त्याने पुढे देशाच्या कायद्यात सुट्टी लिहिली. आज आयटी कंपनीत 'पेड लीव्ह' घेऊन मनालीला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

तिसरी, ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना. म्हणजे फुरसतीचं तत्त्वज्ञान, फुरसतीचा कायदा आणि कॉलेज काढण्याची तयारी, सगळं एकाच डोक्यात एकाच वेळी चाललं होतं. मग त्या डोक्यातून निघालेलं कॉलेज नुसतं घोकंपट्टीचं कसं असेल?

१९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं ते लष्कराच्या बराकींमध्ये. दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. मैदानं आणि हिरवळ तिथे कुठून असणार? पण विद्यार्थ्यांची संसद होती. सरकारी पक्ष, विरोधी पक्ष, ठराव, वादविवाद. पोरं ज्याला गंमत म्हणत त्यातून ती बोलायला शिकली. बापाने ज्या सावकारासमोर मान वर केली नव्हती, त्याचा मुलगा 'अध्यक्ष महाराज' म्हणत उभा राहतो, याला आम्ही करमणूक म्हणतो आणि मोठ्या अभिमानाने म्हणतो.

औरंगाबादची गोष्ट वेगळी. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात. निजामाची राजवट संपून दोनच वर्षं झालेली. उच्च शिक्षणाची सोय नावालाच, आणि दलित मुलांचा तर प्रश्नच नव्हता. १९५० मध्ये छावणी भागात कॉलेज सुरू झालं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बाबासाहेब दिल्लीहून वारंवार येत, बांधकामावर जातीने नजर ठेवत. नावं बघा कशी दिली : महाविद्यालयाला मिलिंद, परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू. आणि 'वन' हा शब्दही नुसता शोभेचा नाही. बुद्धाच्या काळात शिकवण चाले ती जेतवन, वेळुवन अशा उपवनांत, झाडांच्या सावलीत. पावसाळ्यात भिक्खूंचा वर्षावास, एका जागी राहून अभ्यास. राहणं, शिकणं आणि विसावणं यांची जागा एकच. ज्यांच्या वाट्याला गावकुसाबाहेरची जागा होती, त्यांच्या मुलांना शहरात स्वतःचं एक वन मिळालं. उत्तरेला डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी, जवळ पाणचक्की आणि मकबरा, मधून खाम नदी. मराठवाड्याचा उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांनाच कळेल की बेचाळीस डिग्रीत झाडाखाली पुस्तक घेऊन बसायला मिळणं म्हणजे काय. गावात लिंबाखालचा पार होता, पण त्या पारावर आपल्याला बसता येत नव्हतं.

मिलिंदचे पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. माणूस सवर्ण, पण मनाने बाबासाहेबांचा. त्यांनी पोरांसाठी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं. युगायुगांतून चालत आलेल्या अस्पृश्याची ती कहाणी. मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते १९५५ मध्ये बाबासाहेबांसमोर केलं, आणि पुढच्या वर्षी दीक्षेच्या निमित्ताने नागपुरात जमलेल्या लाखोंच्या समुदायापुढेही केलं. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे इथून सुरुवात करतात. पण जरा थांबून विचार करा. बाबासाहेबांची तब्येत खालावलेली, हातात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' अपुरा, सोसायटीला पैशाची चणचण. अशा वेळी त्यांनी पोरांना 'नाटकं कसली करताय, अभ्यास करा' असं म्हटलं नाही. समोर बसून नाटक पाहिलं. आज आपल्या कित्येक संस्थाचालकांना गॅदरिंगचा खर्च अनावश्यक वाटतो!

याच मातीत गंगाधर पानतावणे प्राध्यापक म्हणून रुजले, आणि त्यांच्या संपादनाखाली आधी 'अस्मिता', मग 'अस्मितादर्श' उभं राहिलं. नव्याने लिहिणाऱ्या कित्येक पोरांना ते हक्काचं पान मिळालं. 'आठवणींचे पक्षी' (१९७९) लिहिणारे प्र. ई. सोनकांबळे नागसेनवनातच शिकवत. भाकरीच्या तुकड्यासाठी लाचार झालेलं बालपण त्यांनी लिहिलं ते कधी? पोट भरल्यावर, नोकरी लागल्यावर, चार निवांत घटका मिळाल्यावर. भूक भोगताना लिहिता येत नाही. लिहायला फुरसत लागते. बाबासाहेबांचं १९४५ चं म्हणणं पुराव्यासह हवं असेल तर दलित आत्मकथनांचं अख्खं कपाट हाच पुरावा आहे.

इथपर्यंत अभिमानाचं झालं. आता जे आपण सांगत नाही ते.

उन्हाळ्यात हे सगळं बंद व्हायचं. आमच्यातल्या काहींनी ऐंशीच्या दशकात मराठवाड्यातल्या एका वसतिगृहात दिवस काढले. नाव लिहीत नाही, कारण तेव्हा बहुतेक ठिकाणी हीच रीत होती. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी मेस बंद. तिसऱ्या दिवशी रेक्टर कुलपं घेऊन खोल्यांवर हजर. पत्र्याची पेटी डोक्यावर, वळकटी काखेत, आणि रस्ता एसटी स्टँडचा. वसतिगृहाच्या नियमात 'सुट्टी' असा शब्द होता, आम्हाला तो 'बेदखली' असाच ऐकू यायचा. काही पोरं गावी जायचीच नाहीत. घरी जाऊन खाणारं एक तोंड वाढवायचं कशाला? मग बांधकामावर रात्रीची राखण, लॉजवर वेटरकी, नाहीतर एखाद्या भल्या प्राध्यापकाच्या पडवीत मुक्काम.

जी गावी जायची ती रोजगार हमीवर. १९७२ च्या दुष्काळाने हे शिकवलं होतं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं होती. खडी फोडणं, नाला बंडिंग, पाझर तलाव. टिकाव, फावडं, घमेलं. परदेशातून आलेला लाल मिलो आणि पोरांना सुकडी. कॉलेजात जाणारा मुलगाही आईबापाबरोबर मस्टरवर नाव लावून दगड फोडायचा. हातांना फोड यायचे, जूनपर्यंत त्यांचे घट्टे व्हायचे, आणि त्या पैशांतून पुढच्या वर्षाची फी, दोन वह्या, एक पायजमा. स्कॉलरशिपचा पैसा कधी यायचा त्याचा नेम नव्हता. आम्हाला एक गोष्ट तेव्हा कळली नाही, फार पुढे बाबासाहेबांची गोरेगावची आठवण वाचताना लक्षात आली. १९०१ मध्ये दुष्काळी तलाव. १९७३ मध्ये दुष्काळी तलाव. सत्तर वर्षांत उन्हाळी सुट्टीचा पत्ता बदललाच नव्हता.

आणि गाव सुट्टीत तुम्हाला कॉलेजकुमार मानत नसे. चैत्र-वैशाख म्हणजे जत्रा आणि लग्नसराई. गावाची सगळी करमणूक या दोन महिन्यांत, आणि तिची सगळी मेहनत आपल्या वस्तीवर. हलगी कुणी वाजवायची, लाकडं कुणी फोडायची, मेलेलं ढोर कुणी ओढायचं? धर्मांतरानंतर आपल्या लोकांनी ही कामं सोडली. ज्या पोराने कॉलेजात प्रश्न विचारायला शिकलं तो जत्रेत 'आता आम्ही हलगी वाजवणार नाही' म्हणाला. त्यावरून वस्त्यांवर बहिष्कार पडले, मारहाणी झाल्या. सुट्टीत घरी आलेला विद्यार्थी हा गावाच्या डोळ्यांत सलणारा माणूस होता. म्हणून नागसेनवनातल्या पोराला सुट्टी संपायची घाई असे. सवर्ण पोरगा सुट्टीसाठी कॉलेज सोडायचा, आमचा पोरगा विसाव्यासाठी कॉलेजात परत यायचा.

बहिणींबद्दल तर आपण बोलतच नाही. वरच्या सगळ्या आठवणी पुरुषांच्या आहेत हे वाचणाऱ्या मुलींच्या एव्हाना लक्षात आलं असेल. झाडाखाली पुस्तक घेऊन बसणारा, नाटकात काम करणारा, मध्यरात्रीपर्यंत वाद घालणारा, तो 'तो'च होता. मुलगी सुट्टीत घरी आली की चूल, पाणी, धाकटी भावंडं, आणि तिच्या लग्नाची बोलणी. भावाला रोजगार हमीवरून आल्यावर निदान बाजेवर पडायला मिळायचं. तिला पाणी भरायला मैलभर जावं लागायचं, आणि दुष्काळात तर रात्री. ऊर्मिला पवारांनी आत्मकथनाला 'आयदान' हे नाव दिलं ते उगाच नाही. बांबूच्या टोपल्या विणणारे आईचे हात कधीच रिकामे नव्हते. आपल्या चळवळीने पुरुषाला थोडी फुरसत मिळवून दिली, ती पुष्कळदा घरातल्या बाईच्या वाट्यातून काढून, हे कबूल करायला हवं. नसेल करायचं, तर यंत्र आणि फुरसत यांवरचं बाबासाहेबांचं प्रकरण आपण अर्धंच वाचलं असं समजावं.

आता एक वेगळी बाजू. उन्हाळा हा आपल्या चळवळीचा हंगामही होता. १४ एप्रिल परीक्षेच्या तोंडावर येते, त्यावर पोरांची दरवर्षी कुरकुर असते. पण १९२० ची नागपूरची अखिल भारतीय बहिष्कृत परिषद, शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखालची, ती ३० मेपासून. १९३६ ची मुंबई इलाखा महार परिषद, जिथे बाबासाहेबांनी धर्मांतराची भूमिका सविस्तर मांडली, तीही ३० आणि ३१ मे. 'जातिप्रथेचे विध्वंसन' छापून आलं तेही मे १९३६ मध्येच. १९५६ च्या २४ मेला, बुद्धजयंतीला, नरे पार्कच्या सभेत ऑक्टोबरमध्ये दीक्षा घेण्याची घोषणा. हा योगायोग नाही असं आमचं मत. कोर्टांना आणि कॉलेजांना सुट्टी, शेतात काम नाही, लोक मोकळे. सवर्णांनी जो काळ हवापालटाला दिला तो आपल्या पूर्वजांनी परिषदांना दिला. जलसे झाले, रात्र-रात्र गाणी झाली, दूरदूरच्या गावांची माणसं एका पंगतीत जेवली. करमणूक आणि चळवळ यांत तेव्हा भिंत नव्हती. ती भिंत आपण नंतर बांधली. एका बाजूला कानठळ्या बसवणारा डीजे, दुसऱ्या बाजूला तोंड आंबट करून बसलेला अभ्यासवर्ग.

आणि सत्तेला मात्र फुरसतीची ताकद नीट कळते. २०१५ मध्ये मद्रास आयआयटीने आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कलची मान्यता काढली ती केव्हा? २२ मेच्या सुमारास, सुट्टी लागून विद्यार्थी पांगलेले असताना. देशभर आवाज उठला आणि ७ जूनला मान्यता परत द्यावी लागली, ही गोष्ट वेगळी. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथींना काय शिक्षा झाली होती? वर्ग बंद केले नव्हते. वसतिगृह आणि परिसरातल्या सामायिक जागा बंद केल्या होत्या. एल्फिन्स्टनच्या हॉटेलवाल्याने जे केलं तेच, फक्त आता लेखी आदेशाने. त्या पाच जणांनी उघड्यावर तंबू ठोकला, त्याला वेलिवाडा म्हटलं, म्हणजे तेलुगूत गावकुसाबाहेरची वस्ती. बाबासाहेबांचं चित्र लावलं आणि तिथेच झोपले.

आजच्या सुट्टीचा नवा प्रकार म्हणजे बिनपगारी इंटर्नशिप. दोन महिने पुण्या-मुंबईत स्वतःच्या खर्चाने राहा, फुकट काम करा, मग बायोडेटात ओळ वाढेल. ज्याच्या बापाचा पुण्यात फ्लॅट आहे त्याला हे परवडतं. आपला मुलगा त्या दोन महिन्यांत डिलिव्हरीची बॅग पाठीवर लावून बेचाळीस डिग्रीत फिरतो. कागदावर दोघेही सुट्टीवर.

त्या अभ्यासवर्गातल्या पोराला आम्ही नंतर चहाला घेऊन बसलो. तो सुट्टीत काय करतो विचारलं. म्हणाला, "कुरिअरचं काम करतो, आणि रात्री होस्टेल बंद म्हणून मित्राच्या रूमवर." त्याला कधी नाटकात काम करावंसं वाटलं का? तो हसला. शाळेत असताना एकदा केलं होतं म्हणाला.

आमची मागणी साधी आहे आणि या जूनच्या आत ती आपापल्या जिल्ह्यात लेखी द्यायची आहे. सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहं बारा महिने उघडी राहिली पाहिजेत, ज्याला राहायचं त्याला सुट्टीतही मेससकट. वाचनालयं मे महिन्यात रात्री दहापर्यंत. आणि सरकारची वाट न पाहता करण्यासारखं काम : आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारात दुपारी बारा ते चार दार उघडं, दोन पंखे, एक पाण्याचा माठ, चार पुस्तकं, एक कॅरम. मुलींसाठी वेळ राखून ठेवलेली, आणि त्या वेळात घरचं पाणी भावांनी भरायचं. ज्यांनी साठ, सत्तर, ऐंशीच्या दशकांतले नागसेनवनाचे उन्हाळे पाहिलेत ते आता थकले आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, नाटकाचे जुने फोटो असतील तर त्यांची प्रत काढून घ्या. तालमी कुठे व्हायच्या हे जरूर विचारा.

जय भीम!